अंगठ्याएवढा टिळा

सिंदी रेल्वेजवळच्या वावरात आमचं हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा मी दसऱ्याच्या रजेवर वर्ध्याला घरी होतो. चीफ इन्स्ट्रक्टरचा फोन आला. "सर, कॅप्टन सुर्वे घाबरून उतरली. मशीन ठणठणीत आहे. तिला कोर्समधून काढावं लागेल."

मी तेव्हा सैन्याच्या हेलिकॉप्टर प्रशिक्षण केंद्राचा कमांडंट होतो. सुर्वे आमची विद्यार्थिनी, एकटीनं लांबच्या सरावाला निघालेली. वाटेत आल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारी तबकडी, चुकीचं दाखवतेय असं तिनं कळवलं आणि सोयाबीन निघालेलं रान बघून मशीन खाली आणलं. मागोमाग तंत्रज्ञ पोचले, तर तबकडी अगदी बरोबर. विनाकारण उतरणाऱ्याला आमच्याकडे दुसरी संधी नसते. शेवटची सही माझी.

मला घाई पटेना. भेदरलेला माणूस इतकं नीट उतरवत नाही. मी गाडी काढली.

वावरात जत्रा भरली होती. हेलिकॉप्टरच्या नाकावर कुंकू होतं, दाराच्या मागेही होतं. दाराच्या मागचं पाहून माझं डोकं फिरलं. तिथे स्टॅटिक पोर्ट असतो, एक बारीक छिद्र. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब आत जातो, त्यावरून उंची कळते. मी तिथल्या बायांवर तोंडसुख घेतलं. वावराच्या मालकीण पार्बताबाई शांतपणे पुढे आल्या.

"साहेब, आमी नाकाले लावलं, थे अजून ओलं हाय. हे तं पार वाळून गेलं. काऊन आमच्यावर आळ घेता?"

मी नखानं खरवडलं. कुंकवाखाली गंधाचा कडक पापुद्रा निघाला. खंडेनवमीला आम्ही शस्त्रांबरोबर मशीनचीही पूजा करतो. परवाच रजेवर निघण्याआधी मी रांगेतल्या प्रत्येक मशीनला स्वतःच्या अंगठ्यानं गंध-कुंकू लावलं होतं.

छिद्र जवळजवळ बुजलं होतं. हवा झिरपत होती, म्हणून काटा मागे राहत होता. जमिनीवर तासभर उभं राहिल्यावर तो आपोआप जागेवर आला. मुलगी खरं बोलत होती.

तरी एक प्रश्न उरलाच. उडण्याआधी मशीनभोवती फिरून हे छिद्र बघायचंच असतं. मी तिला विचारलं, "दिसलं नाही?"

"दिसलं, सर. पुसायला हातही गेला होता. पण टिळा तुमच्या हातचा होता."

मला शरम वाटली. केंद्रात मी असा काय दरारा बसवला होता, की जिवावर बेतलं तरी माझ्या बोटाचा ठसा पुसायची हिंमत होऊ नये?

चीफ इन्स्ट्रक्टरनं फोनवर सुचवलं, रिपोर्टमध्ये 'बाहेरचा पदार्थ' लिहू. मी म्हटलं, "कमांडंटचा अंगठा लिहा. सुर्वेला टिळा न पुसल्याबद्दल समज द्या. उतरल्याबद्दल शाबासकी. कोर्स चालू राहील."

पुढे वर बरीच चौकशी झाली. माझ्या फायलीत एक नाराजीचं पत्र आलं, ते रास्तच होतं. वरिष्ठाला मान द्यायचा तो सलामीत, तपासणीत नाही. एवढं शिकायला मला इतकी वर्षं लागली.

त्या दिवशी वावरातच तंत्रज्ञांनी छिद्र साफ करून सगळं तपासलं. निघताना पार्बताबाई पुन्हा करंडा घेऊन आल्या. त्यांना नाही म्हणवेना. मी खालची स्किड दाखवली, म्हणजे मशीन ज्यावर टेकतं ती दांडी. त्यांनी बोट टेकवलं, मीही टेकवलं.

सुर्वे वाकली, दोन्ही टिळे नीट बघितले, आणि माझा रुमालानं पुसून टाकला.