ओ, स्टँड वर घ्या

पुणे रोडवर आजवर जितक्या मोटारसायकली पेट्रोल संपून बंद पडल्या असतील, त्यांतल्या निम्म्या माझ्या मावसभावानं पाय लावून पंपापर्यंत पोहोचवल्या आहेत, असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या बंद पडल्या तेव्हा तो आयटीआयच्या वर्गात बसलेला असणार. आणि वर्गात तो फारसा बसत नसे. पारनेर तालुक्यातल्या गावाहून तो शिकायला आमच्याकडे नगरजवळ केडगावला आला, तेव्हा मावशीनं त्याच्याबरोबर बाजरीचं पोतं आणि घरातली जुनी मोटारसायकल पाठवली होती. मला कॉलेजवर सोडून त्यानं पुढं आयटीआयला जायचं असं ठरलं. रिक्षाचा त्रास वाचला म्हणून मला आनंद झाला होता. तो पहिल्या दिवशीच संपला.

कारण वाटेत कुणी गाडी ढकलत चाललेला दिसला की ह्याची गाडी आपोआप बाजूला जाऊन उभी राही. "हँडल सरळ धरा, ब्रेक दाबू नका," एवढं सांगून तो स्वतःच्या गाडीवर बसल्या बसल्या त्या बंद गाडीच्या पायदानाला डावा पाय लावायचा आणि दोन्ही गाड्या एकदम न्यायचा. मागं मी बसले असताना हे जमत नसे, म्हणून मला उतरावं लागे. "तू हितं थांब, मी आलोच," असं म्हणून तो जाई, आणि येईही. पण तोवर माझा पहिला तास गेलेला असे. समाजशास्त्राचं निम्मं पुस्तक मी बायपासच्या कडेला उभी राहून वाचलं आहे. त्याच्या डाव्या चपलेचा तळ लोकांच्या सायलेन्सरला लागून वितळलेला असायचा. आई त्याला म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुला कुणी पगार देतं का रे? त्यावर तो हसायचा आणि दुसरी चपाती मागायचा.

गाडी ढकलायला कुणी मिळालं नाही, तरी त्याचा दिवस वाया जात नसे. कुणाचा साइड स्टँड खाली राहिलेला दिसला, की तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनंसुद्धा "ओ, स्टँड वर घ्या" असं ओरडायचा. दिवसा कुणाचा दिवा चालू दिसला, की बोटं मिटून-उघडून खूण करायचा. नव्या गाड्यांचा दिवा कायमच चालू असतो, तो बंदच होत नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. "पन एखादी जुनी गाडी आसंल की," असं म्हणून त्यानं खुणा चालूच ठेवल्या, आणि लोक त्याला वेडा समजून हात दाखवत पुढं जात राहिले. एकदा एका बाईंची ओढणी चाकाशी लोंबत होती, म्हणून ह्यानं त्यांच्या स्कूटीमागं गाडी घातली. मुलगा पाठलाग करतोय असं वाटून बाईंनी वेग वाढवला आणि थेट पोलीस चौकीत गाडी नेली. मागोमाग हाही चौकीत शिरला आणि हवालदारासमोरच त्यांना म्हणाला, "ताई, आधी ओढनी काढा, मग तक्रार द्या." तेव्हा मीही मागच्या सीटवर होते, पण चौकीत मी त्याला ओळखत नसल्यासारखी उभी राहिले.

आयटीआय कसंबसं पार पडलं आणि सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याला मुलाखतीला बोलावणं आलं. दहाच्या आत गेटवर हजर राहायचं होतं. काम लागलं असतं, तर तो गावाजवळच राहिला असता आणि मावशीच्या हाताशी दुखल्याखुपल्याला माणूस झालं असतं. मावशीनं त्याला आपली शपथ घातली, की वाटेत कुणासाठी थांबायचं नाही. शपथेवर तिचा पुरता विश्वास नसावा, कारण मग तिनं मला फोन केला. "तू बरूबर जा बाई. त्यो लई भोळा हाय." अशी मी राखण म्हणून मागं बसले. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात माझ्या वडिलांचे काळे बूट घालून तो अगदी शहाण्या मुलासारखा गाडी चालवत होता. चासपर्यंत त्यानं दिव्याची खूणसुद्धा कुणाला केली नाही.

कामरगावच्या घाटात एक म्हातारा दूधवाला चढावर गाडी ढकलत होता. रिकाम्या किटल्या दोन्हीकडून वाजत होत्या. त्यानं हात केला नाही की आमच्याकडे पाहिलंही नाही. मावसभावानं मान सरळ ठेवली आणि गाडी पुढं काढली. मी मनात मावशीला शाबासकी दिली. मग माझं लक्ष खाली गेलं. त्याचा डावा पाय पायदानावरून उचलला गेला होता आणि बुटासकट नुसताच हवेत लोंबत होता. त्याला ते माहीत असावं असं वाटलं नाही. थोडं अंतर तसंच गेलं. मला ते काही बघवेना.

"थांब," मी म्हटलं.

त्यानं मागं वळून विचारलं, "आन् आईची शपथ?"

"ती तुला घातलीय. मला नाही."

मी उतरले आणि त्याला बजावून सांगितलं, की म्हाताऱ्याला घाटावरच्या पंपावर सोड आणि तसाच पुढं मुलाखतीला जा, मी एसटीनं घरी जाईन. त्यानं मान डोलावली आणि दोन्ही गाड्या वळणाआड गेल्या. मी रस्ता ओलांडून नगरकडची एसटी बघत होते, तेवढ्यात तो उलटा येताना दिसला. मी कपाळावर हात मारला.

"तुला हितं घाटात एकटीला सोडून कसा जाऊ?" तो म्हणाला.

आम्ही पोहोचलो तेव्हा गेट बंद झालं होतं. वॉचमननं घड्याळ दाखवलं, ह्यानं बूट दाखवला. डाव्या बुटाचा तळ वितळून वास मारत होता. उपयोग झाला नाही. घरी मावशीचा फोन आला तेव्हा मी खरं सांगणार होते, पण माझ्या हातून फोन घेऊन त्यानं गाडी पंक्चर झाल्याचं सांगितलं. माझं नाव त्यानं आजतागायत येऊ दिलेलं नाही. वडिलांनी तेवढा बूट उलटा करून पाहिला आणि म्हणाले, पंक्चरनं बूट जळत नाही बरं का. मग तो त्यांनी कपाटात ठेवून दिला.

पुढं त्याला चाकणला काम लागलं. मावशीही निरोपाला आली होती. निघताना दारात तो सवयीनं म्हणाला, "तू हितं थांब, मी आलोच." आम्ही सगळे हसलो, मावशी सोडून.

परवा एसटीच्या खिडकीतून मला एका मोटारसायकलचा स्टँड खाली दिसला, आणि काही कळायच्या आत मी ओरडले. सगळी एसटी माझ्याकडे वळून पाहू लागली. संध्याकाळी फोनवर हे त्याला सांगितलं, तर तो हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मग, घेतला का त्यानं वर?"

घेतला, म्हटलं. मला त्याची फार आठवण येते, हे मी सांगितलं नाही. घरी कधी येतोस, एवढं विचारलं.

"आलोच," तो म्हणाला.

चाकणला सुट्टी मिळत नाही, मागची दिवाळीही त्याची तिकडंच गेली, हे मला माहीत आहे. पण त्याच्या शब्दावर रस्त्याच्या कडेला उभं राहायची सवय त्यानंच लावली आहे. मी वाट बघते.