मागच्या दाराला पोचा

ऑफिसकडून मला लीजवर गाडी मिळाली होती. दर महिन्याला पगारातून हप्ता कापला जायचा, पण कागदोपत्री गाडी लीज कंपनीची. मुदत संपली की परत द्यायची. परत घेताना कंपनीचा माणूस ती चहूबाजूंनी तपासतो, आणि ओरखडा, पोचा, डाग, हरवलेली चावी, जे सापडेल त्याची भरपाई आपल्याकडून घेतो. हे मी घरात सगळ्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. त्यातलं लोकांच्या डोक्यात एवढंच राहिलं की गाडी आपली नाही. आणि जी आपली नाही ती कशीही वापरावी, असा अर्थ माझ्या भासऱ्यांनी काढला.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. सदर भागात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मी ट्रेनिंगसाठी पुण्याला गेले तेव्हा नवऱ्याने गाडीची दुसरी चावी त्यांना दिली. मी परत आले, चावी आली नाही. मी घरून काम करायचे त्या दिवशी गाडी बेसातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून परस्पर निघून जायची आणि संध्याकाळी परत यायची. कधी पेट्रोलचा काटा तळाला, कधी डिकीत सिमेंटची पूड. मी चिडले की नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना. मोठा आहे तो."

परत करायच्या आधीच्या रविवारी मी गाडी साफ करायला घेतली. काचेवरच्या स्टिकरचा चिकटा खोबरेल तेल लावून ब्लेडने खरवडला. सीटखालून संत्र्याच्या बिया आणि वाळून कडक झालेल्या साली निघाल्या. मागच्या सीटवर हळदीचा डाग होता. पुतणीच्या हळदीला गाडी भासऱ्यांनीच नेली होती. साबण लावला तर तो डाग लालभडक झाला. मग लिंबू चोळलं, चारही दारं उघडून गाडी उन्हात ठेवली. तो फिका पडायला लागला तेव्हा मला जरा बरं वाटलं.

मग बाहेरून धुवायला घेतली. डावी बाजू आमच्या पार्किंगमध्ये भिंतीला लागून असते, तिकडे कोणी जात नाही. मागच्या दारावरची धूळ पाण्याने उतरली आणि खाली पोचा दिसला. चांगला तळहाताएवढा, आत गेलेला. त्यावर पांढरा रंग फासला होता. गाडीचा रंग नव्हे, घराच्या खिडक्या-दारांना मारतात तो ऑइल पेंट. ब्रशचे फराटे स्पष्ट दिसत होते, आणि खालच्या कडेला एक ओघळ तसाच वाळला होता.

मी पाइप हातात धरून उभी राहिले. पाणी पायावर पडत होतं. ठोकली असती आणि येऊन सांगितलं असतं, तर मी दोन दिवस धुसफुसले असते आणि विसरले असते. पण या माणसाने दुकानातून डबा आणून, ब्रश बुडवून, मला दिसू नये म्हणून रंग फासला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले.

"दादा, गाडीची चावी पाहिजे. बुधवारी परत करायची आहे."

त्यांनी गल्ल्यातून चावी काढून दिली. तिला दुकानाच्या जाहिरातीचं कीचेन लावलेलं होतं.

"आणि मागच्या दाराला पोचा कसा पडला?"

"मले काय माहीत? उभ्या गाडीले कोणी ठोकली असन."

"आणि रंगही त्यानेच लावला?"

ते हसले. गिऱ्हाइकाकडे पाहत म्हणाले, "काहून एवढं मनाले लावून घेते? गाडी तशीही वापस जाऊन राहिली ना?"

तिथूनच मी गाडी डेंटिंगवाल्याकडे नेली. तो म्हणाला, आधी हा रंग उतरवावा लागेल, मग पत्रा ठोकून सरळ करून पूर्ण दार रंगवावं लागेल, बुधवारपर्यंत शक्य नाही. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "तू बोल त्यांच्याशी."

"काय बोलू? वडिलांच्या जागी आहे तो."

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्यातून एवढंच निघालं की त्याने भावाला फोन केला, आणि भासरे म्हणाले, मी येतो बुधवारी, त्या माणसाशी बोलतो, सगळं जमते.

बुधवारी वर्धा रोडवरच्या लीज कंपनीच्या यार्डात आम्ही तिघं गेलो. तपासायला आलेला माणूस गाडीभोवती फिरत मोबाइलवर फोटो घेत होता. हळदीच्या डागाकडे त्याचं लक्षही गेलं नाही. मागच्या दारापाशी मात्र तो थांबला, वाकला, नखाने रंग खरवडून पाहिला. भासरे पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे भैया, इतना तो चलता है. लेडीज चलाती है गाडी, लग जाता है कहीं ना कहीं."

माझी कानशिलं तापली. इतकी वर्षं मी ती गाडी चालवली होती आणि तिला एक ओरखडा येऊ दिला नव्हता.

"भैया, ये दरवाजा मैंने नहीं ठोका," मी म्हटलं. माझा आवाज यार्डभर गेला. "इन्होंने ठोका. और ऊपर से अपनी दुकान का ऑइल पेंट मारा."

"मॅडम, किसने किया उससे हमको मतलब नहीं," तो खांदा सोडवून घेत म्हणाला. "चार्ज तो लगेगा."

भासऱ्यांचा चेहरा काळवंडला. माझ्याशी एक शब्दही न बोलता ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "समजव तुझ्या बायकोले. मोठ्या माणसाशी असं बोलतेत काय?" आणि रिक्षा थांबवून निघून गेले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाच्या टोकाने गिट्टी सारत होता.

भरपाई माझ्याच पगारातून कापली गेली. भासरे पुढे कित्येक महिने आमच्याकडे आले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. पण एक दिवस जाऊबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. पण इथं ते सगळं माझ्यावर निघून राहिलं." राग असा आपल्या हातून सुटून भलत्याच माणसावर जाऊन आदळतो, हे मला तेव्हा कळलं आणि मी आणखीच चिडले.

त्या संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विचारलं, "अजून दादावर राग आहे?"

"त्यांच्यावर कमी झाला," मी म्हटलं. "तुझ्यावर आहे."

ताटातला भात त्याने तसाच ठेवला.