कोपऱ्यात सरकवलेला डबा

ती घटना आजही आठवते, आणि तिच्याबरोबर पिठाच्या गिरणीतला एक पत्र्याचा डबाही.

उदगीरकडच्या एका गावात देवीच्या जत्रेला दरवर्षी एका घराने बकरं द्यायची पाळी होती. त्या वर्षी पाळी आली गावातल्या एकमेव, शाकाहारी लिंगायत घरावर. घरमालकाला सगळे अप्पा म्हणत. त्यांचे वडील दुसऱ्याच्या हातून बकरं देववत आणि गप्प राहत. अप्पांनी मात्र सांगितलं, गावाला पुरणाचं जेवण घालतो, बकरं देणार नाही. बैठक बसली, हात वर झाले आणि त्या घराशी देणंघेणं, बोलणं बंद झालं.

अप्पा तक्रार घेऊन आले तेव्हा मी त्या ठाण्याचा प्रभारी होतो. मी सरपंचालाही बोलावून घेतलं.

“साहेब, आमी ह्याला मटण खा म्हणलो का?” सरपंच म्हणाला. “समद्या गावानं मानलेलं ह्यो एकटा मोडून राहिला. उद्या रोगराई आली तर ह्याच्या पुरणानं जाईल का?”

सोबतचे लोक हसले. मीही हसलो.

माझ्या घरीसुद्धा कुलदैवताला बकरं लागतं. मला अप्पांचा हट्ट हा शिष्टपणा वाटला. शिवाय जत्रेचा बंदोबस्त तोंडावर होता. “अप्पा, गाव मोठं असतं, जुळवून घ्या,” असं म्हणून मी ‘आपसात समजूत झाली, तक्रार नाही’ असा जबाब लिहवून कागद त्यांच्यापुढे सरकवला. अप्पांनी सही केली. खाली मी सही केली, शिक्का मारला.

जत्रा होऊन महिना गेला. एक दिवस दुपारी अप्पांच्या गावातून ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज होता. “गिरणीतला कोपऱ्यातला डबा बघा, साहेब.” एवढंच बोलून, नाव न सांगता तिने फोन ठेवला. त्या गावाच्या बीटच्या हवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, अप्पांची बायको दळणाची पिशवी घेऊन एसटीने उदगीरला जाते. हे त्याला ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

दोन पंच साक्षीदार घेऊन गेलो. गिरणी चालू होती. डब्यांची रांग लागलेली होती आणि कोपऱ्यात एक डबा, त्यावर रंगाने अप्पांचं नाव. झाकण काढलं. ज्वारीला सोंडेकिडे लागले होते.

“हा का नाही दळला?”

“मोटार जळाली होती, साहेब,” गिरणीवाला म्हणाला.

“मग ह्या बाकीच्यांचं हातानं दळलंस?”

त्याने गिरणी बंद केली.

“बरं, नाही दळला. परत का नाही दिलास?”

तो पोत्यावर बसला. “कसा देऊ? त्याच्या दारात जावं लागतंय, बोलावं लागतंय. डबा आल्यावर बैठकीत बंदी घातली की! टाकून द्यावं, तर अन्न हाय.”

तोवर बैठक झालीच नाही, असं सारं गाव सांगत होतं. आता बैठकीची जागा, दिवस, नावं, सगळं बाहेर आलं. सामाजिक बहिष्काराचा गुन्हा नोंदवून मी बैठकीतल्या अकरा जणांना एकेक करून विचारलं. “माज्या मनात न्हवतं साहेब, समद्यांनी हात वर केला, मग मी बी केला.” अकराही जणांचं हेच उत्तर. खोलीत एकेकटा बसवल्यावर बहुमतातला माणूस एकही सापडेना. सरपंचसुद्धा नाही.

बंदी उठली. पुढे अप्पा पुरवणी जबाबाला आले. जप्त करून मुद्देमालाच्या खोलीत ठेवलेला डबा कोर्टाच्या हुकमाने परत मिळेल, असं मी त्यांना सांगितलं.

“डब्याचं काय न्हाई, साहेब,” ते म्हणाले. “आमाला गिरणी बंद झाली तवा वाटलं, ठाणं हाय. तुमी कागद फुडं सरकवला, तवा मी एकटा पडलो.”

बकरं द्यावं की पुरण, कोणाचा देव खरा, हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या घरची रीत चालूच आहे. पण ते ठरवणं माझं काम नव्हतंच. गावाकडे सरपंच होता, देवी होती, वर झालेले हात होते. अप्पांकडे फक्त ठाणं होतं.

दोषारोपपत्र मी स्वतः तयार केलं. पंचनामा, जबाब, अकरा आरोपींची नावं, सगळं जोडलं. माझ्या सही-शिक्क्याचा, ‘तक्रार नाही’ असा तो पहिला कागद मात्र जोडला नाही.