कळवतो म्हणणारी माणसं

उपमुख्याध्यापकांनी मापाच्या टेपचं एक टोक माझ्या मुलीच्या हातात दिलं. दुसरं टोक त्यांच्यासोबत आलेल्या गोऱ्या पोरीनं धरलं. खिडकीला केवढा पडदा लागेल ते मोजायचं होतं. माझ्या मुलीच्या मनगटाचं प्लास्टर निघून तीन आठवडेच झाले होते, पण तिनं टोक नीट ताणून धरलं. ही पोरगी कोण, हे तिला दारात कळलं नव्हतं. पडदा मोजताना कळलं. घर शाळेनं दिलेलं होतं. ज्याची नोकरी त्याचं घर. म्हणजे मुलीची नोकरी गेली होती, एप्रिलपासून तिच्या जागी ही येणार होती, आणि आम्ही मायलेकी अजून त्याच घरात कोबी चिरत बसलो होतो.

मी काय केलं, तर पोहे केले. घरात माणसं आली की पोहे भिजवायचे ही हाताची सवय. डोक्याला विचारावं लागत नाही. नागपूरहून नेलेल्या पोह्यांतले शेवटचे होते. उपमुख्याध्यापकांनी काड्यांनी एकेक दाणा उचलून बशी साफ केली, हात जोडले आणि चारदा कमरेत वाकले. गोऱ्या पोरीनं मागून घेतले. मला नवल वाटलं नाही. आमच्या घरी ज्यांनी ज्यांनी नकार दिला, त्यांतल्या कोणीही पोहे उरवले नव्हते.

हे जपानमधल्या एका खेड्यात झालं. माझी मुलगी तिथं शाळेत इंग्रजी शिकवायची. चार वर्षं होती. डिसेंबरच्या शेवटी बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. एका हातानं भात कसा धुणार, म्हणून मी गेले. मला तीन महिनेच राहू देणार होते.

मी चौथी शिकलेली आहे. धरमपेठेतल्या एका इंग्रजी शाळेत तीस वर्षं आया होते. पोरांच्या उलट्या काढल्या, संडास धुतले, फरश्या पुसल्या. त्याच शाळेत मुलीला घातलं. ती हुशार निघाली आणि रंगानं माझ्यावर गेली. तिला पाहायला नऊ घरची माणसं आली. आमच्याच समाजातली, शिकलेली, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध असलेली. नऊही जणांनी पोहे खाल्ले आणि "कळवतो" म्हणून गेले.

मी तोंडाची फटकळ आहे. कोणाचं पातळ फाटलेलं दिसलं तर रस्त्यात सांगते. पण त्या नऊ वेळा मी मुलीला म्हटलं, "कळवतो म्हणतात, म्हणजे पसंत आहे. मोठ्या लोकायले वेळ लागते." ती आठ-दहा दिवस फोनजवळ बसायची. मग उठून कामाला लागायची. मला वाटायचं, विसरली.

मग ती जपानला गेली. इथल्या लोकांना वाटतं, परदेशात मास्तरीण म्हणजे मोठाच थाट. तिचं काम सांगते. वर्गात अकरा पोरं. शिकवणारी जपानी मॅडम वेगळीच. ती पानाचा नंबर सांगायची, मग माझी मुलगी एक ओळ वाचायची आणि पोरं ती ओळ म्हणायची. पुन्हा एक ओळ. टेपरेकॉर्डरचं काम. त्यासाठी ती एम.ए. झाली. तास संपला की मास्तरांच्या खोलीत पाच वाजेपर्यंत बसून राहायचं, काम असो नसो. निघताना सगळ्यांना मोठ्यानं म्हणायचं, तुमच्या आधी निघते, माफ करा. चुकी काहीच नाही, तरी रोज माफी.

गावात तिच्यावर सगळ्यांचे डोळे. दुकानात तिनं काय घेतलं ते शेजारच्या म्हातारीला ती घरी पोचायच्या आधी माहीत. ही म्हातारी दारात मुळे ठेवून जायची, न बोलता. आणि एकदा आमची कचऱ्याची पिशवीही अशीच न बोलता दारात आणून ठेवली, कारण तिथं झाकणंही वेगळी टाकायची असतात आणि आमचं बाटलीलाच राहिलं होतं. मला ती बाई आवडली नाही. मुळे चांगले होते.

तरी मुलीला तिथंच राहायचं होतं. मी एकदा म्हटलं, "काय ठेवलं आहे वं इथं? थंडीनं नाक गळून राहिलं माह्यं."

ती म्हणाली, "इथं मले कोणी पाहायले येत नाही, आई."

मी नाक पुसलं आणि तांदूळ धुवायला घेतले.

करार वर्षावर्षाचा असायचा, मार्चमध्ये संपायचा. दर वर्षी जानेवारीत तिला पुढच्या वर्षाचा कागद मिळायचा. या वर्षी जानेवारी संपत आला तरी मिळाला नव्हता. नोकरी गेली तर घर जाणार, आणि थोड्याच दिवसांत देशही सोडावा लागणार. तेवढ्यात समुद्राकाठच्या दुसऱ्या एका गावच्या शाळेनं तिला विचारलं होतं. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

त्याच आठवड्यात उपमुख्याध्यापकांनी मला शाळेत चहाला बोलावलं. आईला बोलावणं ही त्यांच्याकडची रीत असेल. मी पोचले तेव्हा साफसफाईची वेळ होती. तिथं शाळेत आया नसते, पोरंच झाडतात. लांब वऱ्हांड्यात पोरं ओळीनं गुडघ्यावर फरशी पुसत होती. आणि त्यांच्या मधोमध माझी मुलगी. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात फडकं.

"हे काय करून राहिली तू?"

"सगळेच पुसतात, आई. सर पण पुसतात."

"सराची माय नसंन पुसत होती तीस वर्षं."

ती हसली. पोरंही हसली, त्यांना एक शब्द कळला नव्हता तरी. मला हसू आलं नाही. मी फरशी पुसली ती हिला पुसावी लागू नये म्हणून. एवढंच माझं गणित होतं. उपमुख्याध्यापक खरंच फडकं पिळत होते, यात मात्र खोटं बोलणार नाही.

मग चहा. चहा हिरवा, बिनसाखरेचा. मुलीनं त्यांना त्यांच्या भाषेत पुढच्या वर्षाचं विचारलं. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी दातांमधून हवा ओढली. मान एका बाजूला केली. कपात पाहिलं. मग म्हणाले, "केंतो शिमास." आणि हसले.

मला जपानी येत नाही. पण ती मान मी नऊ वेळा पाहिली होती.

घरी परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग होते. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"विचार करून कळवतो म्हणाले." तिचा चेहरा उजळला होता.

"मग नाही आहे ते."

"तुले जपानी येते काय?"

"माणूस वाचता येते मले. त्या समुद्राकडच्यायले आजच हो म्हणून टाक."

"अन् इकडं हो झालं तर? तोंड कसं दाखवू? यायनं नाही म्हटलं काय?"

"हे लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत, तूच सांगतलं नं मले."

ती चालता चालता थांबली. "अन् तू काय सांगतलं होतं? कळवतो म्हणजे पसंत आहे. वेळ लागते. तूच म्हणत होती नं, दर वेळी?"

तेव्हाच सांगायला हवं होतं की बाई, मी खोटं बोलत होते. तोंडात आलं होतं. रस्ता निसरडा होता. मी पायाखाली पाहत चालत राहिले. शुक्रवारी तिनं समुद्राकडच्या शाळेला नकार कळवला. तिनं बिचारीनं सरळ "नाही" असं लिहिलं.

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ही टेप.

पडदा मोजून झाल्यावर मुलीनं उपमुख्याध्यापकांना हळू आवाजात काही विचारलं. ते गोंधळले. पुन्हा दातांतून हवा ओढली आणि दोन वाक्यं बोलले. ती नंतर मला म्हणाली, "मी विचारलं, तुम्ही तर विचार करतो म्हटलं होतं. ते म्हणाले, हो, तेव्हाच तर सांगितलं होतं." त्यांच्या लेखी त्यांनी नाही सांगून महिना उलटला होता. त्या गावात तो शब्द पोराटोरांनाही कळत असेल. चार वर्षं राहिलेल्या मास्तरणीला कळणार नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. मी त्यांना शिव्या द्यायच्या म्हणते, पण त्या त्यांना लागत नाहीत. फिरून माझ्याच नावावर येतात.

ते गेल्यावर मुलगी बशा धुवायला उभी राहिली. पाठ माझ्याकडे.

"आई, त्या नऊ जणायनं पण नाहीच म्हटलं होतं नं?"

"हाव."

"तुले तेव्हाच माहीत होतं?"

"हाव. ते पायऱ्या उतरायच्या आधीच."

तिनं बशी पुसली, जागेवर ठेवली. "म्हणजे साऱ्यायले माहीत होतं. मलेच तेवढं नव्हतं."

ती रडली नाही. मीही नाही. शेवटचे दिवस आम्ही टाकायचं सामान वेगवेगळ्या पिशव्यांत भरण्यात घालवले. काच वेगळी, कागद वेगळा, झाकणं वेगळी. शेजारची म्हातारी पिशव्या पाहून गेली. एकही परत आणली नाही.

आता ती सीताबर्डीत, चपलांच्या दुकानावरच्या क्लासमध्ये इंग्रजी बोलायला शिकवते. ती एक ओळ म्हणते आणि पोरं तीच ओळ म्हणतात. मध्यंतरी धरमपेठेतल्या त्याच शाळेत मुलाखतीला गेली होती, जिथं मी आया होते. मुलाखत झाली, चहा झाला, आणि मोठ्या मॅडम म्हणाल्या, "कळवतो."

मुलगी उठली नाही. म्हणाली, "मॅडम, हो का नाही, ते आत्ताच सांगा. मी वाट पाहत नाही."

मॅडमनी बाजूच्या सरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही."

घरी येऊन तिनं चपला काढल्या आणि मला एवढंच सांगितलं, "नाही म्हणाले." मी चहा ठेवला. पोहे केले नाहीत. त्या दिवसापासून ती मला काही विचारते, तेव्हा मी हो किंवा नाही म्हणते. ती ऐकून घेते, पण विश्वास ठेवते की नाही, मला माहीत नाही. नऊ वेळांचं एवढ्यात फिटत नाही.

गल्लीतल्या बायका अजून विचारतात, तुमच्याकडून जपानला कोण गेलं होतं. मी सांगते, माझी मुलगी, चार वर्षं. आणि शेवटचे तीन महिने मी.