आधी सुई, मग कबड्डी

आमच्या गावच्या तलावात मासे धरत वाढलेला तो पोरगा एका दमात एवढी लांब चढाई करायचा, की समोरचा चमू पकड विसरून नुसता बघत राहायचा. मी त्याचा खेळाचा मास्तर. हातपाय ठणकतात म्हणून तो मैदानाच्या कडेला बसला, की मी खेकसायचो, "नाटकं करू नको." ते सिकलसेलचं, आईबापांकडून रक्तात येणाऱ्या आजाराचं दुखणं होतं. आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ऐन पंचविशीत तो गेला. माझ्या त्या शब्दांची मला अजून लाज वाटते.

त्याच्या आठवणीत आम्ही दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, कबड्डीचे सामने ठेवले. नियम एकच, आधी सिकलसेलची तपासणी आणि मग मैदान. मोहाडीपासून चिखल्यापर्यंतचे चमू आले, पण तपासणीच्या टेबलाकडे एक जण फिरकेल तर शपथ! काही निघालं तर लग्न जुळणार नाही, ही धास्ती. दुपारी सामने रद्द करायची पाळी आली.

तेव्हा त्याची माय उठली. मासे विकून बाजारातून थेट आलेली. तिने बटव्यातून आपलं सिकलसेल तपासणीचं कार्ड काढलं आणि माइक हातात घेतला.

"काहून भेऊन राहिले रे? हे पाहा माह्यं कार्ड. मी अर्धी, त्याचा बाप अर्धा, म्हणून पोरगा पुरा बिमार निंगाला. लग्नाच्या आधी आमाले कोनी सांगतलंच नाही."

भर मंडईत, सोयऱ्याधायऱ्यांसमोर, स्वतःच्या रक्तातलं असं उघड सांगणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. मग ती माझ्याकडे वळली.

"तुमचं कार्ड कुठी आहे, गुरुजी?"

माझ्याकडे कार्ड नव्हतंच. माझ्या मुलीची सोयरीक त्याच आठवड्यात पक्की व्हायची होती. तपासणीचं लग्नानंतर बघू, असं आम्ही घरात गुपचूप ठरवलं होतं. मान खाली घालून मी टेबलाशी गेलो आणि बोट पुढे केलं. माझ्यामागे पोरांची रांग लागली. सामने दिवेलागणीपर्यंत चालले.

पुढे पक्का अहवाल आला. मीही अर्धा, म्हणजे आजाराचा वाहक निघालो. मी मुलीला सगळं सांगितलं. तिने फोन उचलला आणि होणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "मी उद्या तपासणीले जाऊन राहिली. तुम्ही पण या."