मोहितेकाकांचा ग्राफपेपर आणि माझा रंगीत चार्ट

मोहितेकाकांची दोन बोटं माझ्या चार्टमुळे गेली.

आज सकाळी काकाही गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला, "ताई, पप्पा गेले."

एका काकांशिवाय हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहून टाकते.

नव्वदचं दशक. गोरव्यातला एक छोटा कारखाना, पत्र्याचे पार्ट दाबून काढणारी पाच प्रेस मशीन. मी स्टॅटिस्टिक्स घेऊन नुकतीच बी.एस्सी. होऊन तिथे लागलेली, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत.

काका मेंटेनन्सला होते. पाणीगेटहून सायकलने यायचे. मला गुजरातीत 'दीकरी' म्हणायचे, म्हणजे लेक.

सकाळचं पहिलं काम ठरलेलं. एकेक मशीन चालवायचं, पेडल सोडायचं आणि चाक खडूच्या खुणेपुढे किती जाऊन थांबतं ते पट्टीने मोजायचं. मग ग्राफपेपरवर एक ठिपका; चाक जितकं पुढे, ठिपका तितका वर.

ठिपका लाल रेघेच्या वर गेला की ब्रेक बदलायचा, असा नियम. काका मात्र त्या रेघेकडे फारसं बघत नसत.

"ठिपका कुठे आहे ते नको बघू, दीकरी. कुठे निघालाय ते बघ."

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. नव्याचे नऊ दिवस. आमचे गुजराती साहेब म्हणाले, आता ग्राफ याच्यावरच काढायचे.

मी प्रत्येक मशीनचं आठवड्याचं ॲव्हरेज काढलं आणि पाच खांब उभे केले. थ्री-डी, पाच रंगांत. प्रिंटआउट बघून मीच माझ्यावर खूश.

त्या आठवड्यात तीन नंबरच्या मशीनचे ठिपके रोज वर चढत होते. काकांच्या पेपरवर ते शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. माझ्या चार्टमध्ये एक देखणा हिरवा खांब होता, लाल रेघेच्या चांगलाच खाली.

काका आपला कागद घेऊन साहेबांकडे गेले. मी शेजारीच उभी होते.

"साहेब, त्रण नंबर बंद करो. ब्रेक जाय छे."

साहेबांनी माझा चार्ट पुढे सरकवला. "मोहिते, आ जुओ ने. बधुं लिमिटमां छे. ऑर्डर नीकळी जाय, पछी करीशुं." सगळं लिमिटमध्ये आहे, ऑर्डर गेली की मग करू.

ॲव्हरेज काढलं की चढ झाकला जातो, हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते त्यावर.

पण साहेबांनी सकाळीच चार्टचं कौतुक केलं होतं. मी गप्प बसले.

काकांनी वाद घातला नाही. बाहेर जाऊन तीन नंबरच्या ऑपरेटरला उठवलं आणि स्वतः बसले. "इथे दुसरं कुणी नको," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेडल सोडल्यावरही मशीन थांबलं नाही. आणखी एकदा खाली आलं.

त्यानंतर दर दिवाळीला मी काकांकडे जायचे. आज सांगायचंच, असं ठरवून. काकू चिवडा पुढे करायच्या, काका डाव्या हाताने कप उचलायचे, आणि माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

गेल्या दिवाळीला कसंबसं बोलले. "काका, तो चार्ट माझा होता. मला कळत होतं, तरी मी बोलले नाही."

काकांनी हातातला कप खाली ठेवला.

"तू नवीन होतीस गं. माझा जन्म गेला होता मशीनवर. साहेबांपुढे अडून बसायला हवं होतं मी. नाही बसलो. माझीच चूक ती."

इतकी वर्षं हा माणूस स्वतःला दोष देत होता. आणि मी माफी मागायला धीर गोळा करत होते.

मी परोपरीने समजावलं. ते नुसती मान हलवत होते. त्यांना पटलं नाही, ते मला दिसत होतं.

आज त्यांना न्यायच्या आधी पायांवर डोकं ठेवून पुन्हा तेच सांगितलं. काय उपयोग.

चूक माझी होती, काका. तुम्ही ती आपली म्हणून घेऊन गेलात.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.