मुळी आली का?

उपटलेलं प्रत्येक तण काकू आधी डोळ्यांपुढे धरायच्या. बोटांनी माती झटकायच्या आणि टोकाची पांढरी मुळी दिसली की स्वतःशीच म्हणायच्या, "आली पूर्ण." मगच ते घमेल्यात पडायचं. मुळी तुटली असेल तर पाटावर बसल्या बसल्या खुरपीने तिचा माग काढायच्या.

आमच्या दोघींच्या अंगणांच्या मधे कमरेइतकी भिंत होती. पलीकडे काकूंचं हिरवंगार लॉन. अलीकडच्या माझ्या लॉनबद्दल न बोललेलं बरं. आमचे हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या भिंतीशी उभे राहायचे. "काय लॉन ठेवलं हो काकूंनी!" लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या कुठल्याच गोष्टीकडे त्यांनी इतका वेळ पाहिलेलं नाही. मला काकूंचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, चांगला पोटात दुखेपर्यंत. तुमच्याही शेजारी असं कोणी असेल तर तुम्हाला कळेल.

मी ईर्ष्येने दर रविवारी गवत अगदी बारीक कापायची, रोज पाणी शिंपडायची. काकू भिंतीवरून बघायच्या.

"इतकं बारीक काहून कापून राहिली वं? जमिनीले ऊन लागलं का तण उठते. चार बोटं राहू दे. अन् पाणी आठवड्यातून दोनदाच दे, पण खोल जाऊ दे."

मी मान डोलावली आणि मुद्दाम उलट केलं. वर भावाच्या कळमेश्वरच्या शेतातून पोतंभर शेण आणून पसरलं. पंधरा दिवसांत नाही नाही ते उगवलं.

"कच्चं होतं का वं?" काकू हळहळल्या. "त्यात बी जित्तंच राह्यते."

त्याच दुपारी त्या पाट घेऊन माझ्या अंगणात तण काढायला बसल्या. ह्यांनी त्यांना चहा करून दिला. ह्यांनी!

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमधून बियांनी भरलेलं गाजरगवत उपटून आणलं आणि काकू सदरच्या बाजारात गेल्या असताना भिंतीवरून त्यांच्या लॉनवर झाडलं.

ते उगवलं. काकूंनी एकेक रोप फुलावर यायच्या आत काढलं, उघड्या पडलेल्या जागी हरळीची रोपं लावली. "औंदा वारा कोठून आला, काय मालूम," म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पाइप गुंडाळत राहिले.

काकूंना जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो, घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेलाय. गाजरगवताचं बी मातीत वर्षानुवर्षं दडून राहतं, हे मला आता कळलं. हे ऑफिसला गेले की मी पलीकडे जाते, काकूंच्या पाटावर बसते आणि माझंच पेरलेलं वेचते. प्रत्येक मुळी डोळ्यांपुढे धरून बघते. गवत चार बोटंच ठेवते.

काल सकाळी हे चहा घेऊन भिंतीशी उभे होते.

"बघ, काकू गेल्या तरी लॉन तसंच आहे. एकदा काढलं की परत तण येतच नाही, असा हात होता त्यांचा!"

माझ्या पोटात पहिल्यासारखंच दुखलं.